उंदरांचा कोबी

मंगळवार, १३ फेब्रुवारी. सकाळी नळाला पाणी आलं, टाकी भरून घेतली. हिमांशूच्या कोटाला पुन्हा तोच वास. कोट गच्चीवर टाकला.

एवढं लिहून प्रमोदिनीबाईंनी वही मिटली आणि ताटं घेतली. हिमांशू त्यांच्या बहिणीचा मुलगा, फार्मसी कॉलेजात प्राध्यापक, वर्षभर त्यांच्याकडेच राहत होता. वास होता प्रयोगाच्या उंदरांचा: मूत, ओला भुसा आणि वरून फिनाईल. कॉलेजातल्या त्या उंदरांच्या खोलीची झाडलोट करून मुक्ताबाई संध्याकाळी इकडे पोळ्या लाटायला यायच्या. त्या मूळच्या शेंद्र्याच्या. नवरा गेल्यावर दोन मुलींना घेऊन शहरात आल्या. कुणी उपाशी राहिलेलं त्यांना बघवत नसे.

हिमांशू खुशीत होता. "मावशी, मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी ग्रंथी असते. तिचं हार्मोन थायरॉईडला कामाला लावतं. माझं औषध दिलेल्या उंदरांची थायरॉईड चांगलीच वाढली. पण ज्यांची पिट्यूटरी आधीच काढली होती, त्यांची औषध देऊनही वाढलीच नाही. म्हणजे औषध पिट्यूटरीमार्फतच काम करतं. पेपर पक्का."

मग कानातून सुई घालून ती ग्रंथी कशी ओढून काढतात, तेही त्याने वरणभात कालवता कालवता सांगितलं. प्रमोदिनीबाईंनी ताट सारलं.

तव्यापाशी मुक्ताबाई हसल्या. "फुगतीलच की सर. कोबी लई खाल्ला त्यांनी."

"कसला कोबी?"

"मेसमधला पाला. औषधाची उंदरं लई मलूल पडायची, खाण्याला तोंड लावायची नाय. मंग रोज टाकायची मी. बिनऔषधाची धडधाकट, त्यांना कशाला?"

हिमांशूचा घास हातातच राहिला. कोबी फार खाल्ला की थायरॉईडचं काम अडतं, मग पिट्यूटरी जास्त हार्मोन सोडते आणि थायरॉईड फुगते, हे तो दरवर्षी वर्गात शिकवायचा. सगळी करामत कोबीचीच असू शकत होती.

"म्हणजे प्रयोग पुन्हा करणं आलं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"पुन्हा? पेपर उद्या जातोय. त्यावर माझी बढती आहे." मग स्वयंपाकघराकडे वळून तो मधाळ आवाजात म्हणाला, "मुक्ताबाई, हे कुठं बोलू नका हं. बाहेरचं खाऊ घातलं म्हणून नोकरी जायची तुमची. काळजीपोटी सांगतोय."

पोळी करपल्याचा वास आला.

"हे औषध पुढे माणसांना देणार?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

"तिथवर कोण जातंय, मावशी? पेपर तर आहे नुसता."

उंदरांच्या वासाने त्यांना मळमळायचं. पण कोट गच्चीवर टाकता येतो. या मधाळ आवाजाचं काय करायचं? समोर भाताने बरबटलेली त्याची बोटं पाहून त्यांना शिसारी आली.

"हात धू आणि बॅग भर," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात नको तू. उद्या मी प्राचार्यांना भेटते. पण मुक्ताबाई, तुमचं नाव निघेल. तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार."

मुक्ताबाईंनी गॅस बंद केला. "मीबी येते, काकू. मुक्या जिवाला पाला टाकला, चोरी नाय केली. अन् सर हे असं धमकावत असतील, तर तिथं राहून तरी काय करू?"

हिमांशू काहीतरी पुटपुटत बॅग घेऊन गेला. प्रमोदिनीबाईंनी त्याची खुर्ची फिनाईलने पुसली आणि वही उघडून खाली लिहिलं: पोळ्या उरल्या. मुक्ताबाईंना बांधून दिल्या.