इंद्रजितच्या नावाचं लॉगिन

बबिता राठोड आमच्या कापसाच्या जिनिंग मिलमधली एकुलती एक कॉम्प्युटरवाली. घाटंजीजवळच्या तांड्यातली, स्वभावानं घाईची. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता आणि घर तिच्याच पगारावर चालायचं.

२००६च्या हंगामात नवा सर्व्हर आला. वजनांच्या डेटाबेसमध्ये शिरायला प्रोग्रामला नाव आणि पासवर्ड लागतो. त्याच्यासाठी वेगळं लॉगिन करायला हवं होतं. पण गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली, मॅनेजर किसनराव डोक्यावर बसलेले. वजनकाट्यावरचा इंद्रजित म्हणाला, "ताई, माह्यंच टाका ना. काम कायले अडवता?" बबितानं टाकलं. नंतर बदलू म्हणाली. तो 'नंतर' कधी उजाडतो का कुणाचा!

झालं असं, की वजनं नोंदवायच्या तिन्ही टेबलांवरून कुणीही काहीही नोंदवलं तरी त्यावर नाव इंद्रजितचं लागायचं.

दिवाळीनंतर एका गाडीचं वजन कुणीतरी दोन क्विंटलनं कमी केलेलं सापडलं. शेतकरी भडकला, आणि भडकणारच. नोंदीवर इंद्रजितचं नाव होतं. किसनरावांनी त्याला सगळ्यांसमोर चोर म्हटलं आणि तिथल्या तिथं कामावरून काढलं. बबिता शेजारीच उभी होती. तिला सगळं कळत होतं, तरी ती कॉम्प्युटरकडं वळून कामाला लागली. मला तिचा राग येतो तो इथंच.

इंद्रजितनंही तिचं नाव घेतलं नाही. तेच तिला खात राहिलं. बाजाराच्या दिवशी तो पोती उचलताना दिसला, तर ही दुकानाआड लपली. घरी येऊन मात्र ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी किसनरावांपुढं उभी राहिली.

"साहेब, चूक माही हाय. इंद्रजितभाऊले परत बोलवा. काढाचं तर मले काढा."

किसनराव वाट्टेल ते बोलले. तिला काढलं मात्र नाही. दुसरी कॉम्प्युटरवाली आणणार कुठून? मग बबितानं प्रोग्रामला स्वतंत्र लॉगिन दिलं, त्याला नोंदीपुरतेच अधिकार ठेवले, प्रोग्रामच्या फाइलमधला उघडा पासवर्ड कुणाला वाचता येणार नाही असा केला. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं झालं.

इंद्रजित परत आला. तिनं कीबोर्ड त्याच्यापुढं सरकवला.

"भाऊ, मले माफ करा. तुमचा नवा पासवर्ड टाका."

"जाऊ द्या ताई, झालं ते झालं," तो म्हणाला आणि हसलाही. मग त्यानं एका हातानं कीबोर्ड झाकला आणि ती तिथून बाजूला होईपर्यंत थांबून राहिला.