झिजलेल्या खुर्चीच्या शोधात गॉलवेपर्यंत

शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही डब्लिन सोडलं तेव्हा गाडीत तिघं होतो: मी, आई आणि एक फिनिश खुर्ची. खुर्चीला मागची अख्खी सीट दिली होती. आईनं तिला पट्टासुद्धा बांधला, वर मला दम भरला, "सावकाश चालव. आपटली तर बघ."

तुम्हाला वाटेल, जुलै महिना आहे, दीड वर्ष घरात कोंडून काढल्यावर आता कुठे एका काउंटीतून (म्हणजे आपला जिल्हा) दुसऱ्या काउंटीत जायची मुभा मिळालीय, तर मायलेक समुद्र बघायला निघाले असतील. कसला समुद्र आणि कसलं काय! मी झिजलेली खुर्ची शोधायला निघालो होतो. सोमवारपर्यंत एक तरी खरीखुरी झिजलेली खुर्ची सापडली नाही तर माझी नोकरी जाणार होती. आणि नोकरी गेली की तिच्यावर मिळालेला इथे राहायचा परवानाही जाणार.

हे असं का झालं ते सांगतो, नाहीतर मला वेड लागलंय असं म्हणाल. मी बाजारपाहणीच्या धंद्यात आहे. डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागात, वकिलातींच्या गल्लीत, आमचं छोटंसं ऑफिस आहे. आमचं गिऱ्हाईक म्हणजे फिनलंडमधली खुर्च्या बनवणारी एक कंपनी. २०२० साली सगळं जग घरून काम करायला लागलं आणि त्यांच्या खुर्च्या धडाधड खपल्या. लाकूड पुरेना, जहाजं मिळेनात, लोक तीन-तीन महिने वाट बघायला तयार. आणि २०२१ उजाडलं तशी मागणी एकदम थंड. कंपनीचे लोक हवालदिल. लोक दुसरी खुर्ची घेणार कधी? तर पहिली झिजली की. मग पहिली किती झिजलीय? ते बघायचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे फिनलंडच्या खुर्च्यांची इथल्या बाजारात स्थिती काय, यावर मी अहवाल लिहीत होतो, आणि फिनलंड मी डोळ्यांनीसुद्धा पाहिलेलं नाही. माझं विमान रद्द झालं ते झालंच.

आता माझी चूक. त्या दिवसांत अनोळखी माणसाला घरात कोण घेणार? म्हणून मी पाहणीसाठी इथली आपलीच मराठी घरं निवडली. पुण्याचे, नागपूरचे, ठाण्याचे लोक. सगळ्यांनी त्याच कंपनीच्या खुर्च्या घेतलेल्या, सगळ्यांनी आनंदानं फोटो पाठवले. खुर्ची प्लास्टिकमध्ये. प्लास्टिकवर चादर. एकीकडे तर चादरीवर जुन्या साडीचं शिवलेलं कव्हर. "पाहुणे आले की काढू." "परत जाताना विकायला बरी पडेल." "अहो, खोकासुद्धा माळ्यावर ठेवलाय." ग्रँड कॅनाल डॉकला मोठ्या कंपनीत काम करणारा एक जण तर वर्षभर सुटकेसवर लॅपटॉप ठेवून, खाली उशीवर बसून काम करत होता. खुर्ची शेजारीच, कोरी करकरीत. मला यात काहीच वावगं वाटलं नाही, कारण माझ्या घरीही हेच. मी अहवालात बिनधास्त लिहिलं: झीज, शून्य.

कंपनीच्या तिकडच्या बाई, हेल्मी त्यांचं नाव, व्हिडिओवर ते वाचून गप्प झाल्या. इतका वेळ गप्प, की मला वाटलं इंटरनेट गेलं. मी उठून राउटर बंद करून चालू केला. परत आलो तर बाई तशाच गप्प.

मग त्या म्हणाल्या, "श्रीकांत, या खुर्च्यांवर कोणी बसतं का?"

"बसतील की," मी म्हणालो.

"सोमवारी मला एका वापरलेल्या खुर्चीचा फोटो हवा. नाहीतर तुम्ही हे सगळं घरी बसून रचलंय असं मी समजेन." आणि बाई गेल्या. काम गेलं तर मलाही ठेवणं अवघड आहे, असं माझ्या साहेबानं अतिशय प्रेमानं सांगितलं. वर म्हणाला, "यू विल बी ग्रँड." ग्रँड म्हणजे उत्तम. या देशात छप्पर उडालं तरी माणसं ग्रँडच असतात.

आईला हे सगळं कळलं तेव्हा ती हसून हसून लोळली. आई कोल्हापूरची. तीन महिन्यांसाठी आली होती ती दीड वर्ष अडकली. तिचे वडील कागलला सुतार होते, त्यामुळे लाकडाबद्दल तिला कोणी शिकवायचं नाही. आमची खुर्ची तिनं उलटी करून, ठोकून, वास घेऊन बघितली आणि निकाल दिला, "एक खिळा न्हाई बघ. ही काय तुज्या हयातीत झिजत न्हाई." आणि तरीही ही खुर्ची बरोबर घ्यायचा हट्ट तिचाच. का, ते मला अर्ध्या वाटेवर कळलं.

डब्लिन मागं पडलं की रस्ता सरळसोट पश्चिमेला जातो. दोन्ही बाजूला हिरवं, त्यात मेंढ्या, वर ढग. पुन्हा हिरवं, पुन्हा मेंढ्या. तासाभरानं चहाला एका पेट्रोल पंपावर थांबलो. मी आत जाऊन बिनमांसाचं काही आहे का म्हणून विचारलं, तर मुलीनं विचार करून सांगितलं, "चिकन आहे." दोन चहा आणि चिप्सचं पाकीट घेऊन बाहेर आलो आणि बघतो तर काय! आईनं खुर्ची काढून गाडीमागं फरशीवर ठेवली होती, प्लास्टिक फाडलं होतं, आणि पदर खोचून ती खुर्चीची गादी वज्रीनं घासत होती. हो, टाचा घासायची वज्री!

"आई! काय चाललंय?"

"गप उभा ऱ्हा. झिजलेली पायजे न्हवं त्या बाईला? आत्ता देते झिजवून."

"अगं, ही फसवणूक आहे!"

"आणि तुजी नोकरी गेल्यावर काय करशील? हितं मेंढ्या राखशील व्हय?"

शेजारच्या गाडीतून एक म्हातारबा उतरला. टोपी, हातात कुत्र्याचा पट्टा. त्यानं बराच वेळ शांतपणे हा सोहळा पाहिला. इथली माणसं थेट प्रश्न विचारत नाहीत, आधी हवामान काढतात. तो म्हणाला, "दिवस बरा उघडलाय." मी म्हणालो, "हो, छान आहे." तो म्हणाला, "खुर्ची मळली आहे का?" मी म्हणालो, "नाही, तीच तर अडचण आहे." त्यावर त्यानं गंभीरपणे मान हलवली. मी सगळी हकीकत सांगितल्यावर तर त्यानं आपला कुत्राच देऊ केला. "पाच मिनिटं वर बसव याला. आमचा सोफा यानं दोन आठवड्यांत संपवला."

कुत्रा खुर्चीवर चढला, दोन गिरक्या घेतल्या, आणि डोळे मिटून झोपला. ना नख, ना दात. आईनं वीस मिनिटं वज्री चालवूनही कापडाचा एक धागा निघाला नव्हता, उलट वज्रीच गुळगुळीत झाली होती. कुत्र्याला उठवताना मात्र तो माझ्यावर गुरगुरला. म्हातारबानं "गुड लक" म्हणत हात हलवला आणि आम्ही खुर्ची पुन्हा बांधून निघालो.

गॉलवेत आमचा आधार म्हणजे महेश. हृदयात बसवायच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात तो इंजिनिअर आहे, मूळ नागपूरचा. इतकी वर्षं इथे आहे, याच्या घरी तरी वापर असेल, असा माझा हिशेब. पोहे खाऊन होईपर्यंत मी धीर धरला. मग तो मला वरच्या खोलीत घेऊन गेला आणि दार उघडलं. खुर्ची खोक्यातच होती. खोका उघडलेलासुद्धा नव्हता.

"अबे, जोडायची राहून गेली," महेश ओशाळून म्हणाला. "म्हटलं नवीन घर झालं की मग."

मी तिथंच जिन्यावर बसलो. सोमवार डोळ्यांसमोर दिसायला लागला. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. महेशलाही वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, "तू आपल्या लोकांच्या नादी लागूच नको. समुद्राकडच्या रस्त्यावर नोरा म्हणून आजी राहते, आमची आधीची घरमालकीण. तिच्याकडे याच खुर्च्यांची जोडी आहे. आयरिश लोक वस्तू वापरतात यार."

अर्ध्या तासात आम्ही नोराच्या दारात. गॉलवेच्या पश्चिमेला जमीन संपत आल्यासारखी वाटते. रचलेल्या दगडांचं कुंपण, त्यापलीकडे पुन्हा कुंपण, मध्ये एखादं गाढव आणि मग पाणी. नोरा सत्तरी ओलांडलेली, बुटकी, लालबुंद गालांची बाई. महेशनं फोन केलेला होता, म्हणून साथीच्या धास्तीनं तिनं खिडक्या आधीच उघडून ठेवल्या होत्या. स्वयंपाकघरात पाऊल टाकल्याबरोबर माझा जीव भांड्यात पडला. टेबलाचा रंग उडालेला, खुर्च्यांच्या पाठी मोडून बांधलेल्या, प्रेसचं (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) दार दोरीनं अडकवलेलं. वा! इथे काहीतरी झिजलंय.

"आणि त्या फिनिश खुर्च्या?" मी विचारलं.

नोराचा आवाज एकदम खाली आला. "त्या चांगल्या खोलीत आहेत."

आयरिश घरात एक 'चांगली खोली' असते. तिथे घरचं कोणी बसत नाही. धर्मगुरू आला, लग्नाची बोलणी निघाली किंवा घरात कोणी गेलं, तरच ती उघडते. तिनं एप्रनच्या खिशातून किल्ली काढून दार उघडलं. भिंतीवर येशू आणि शेजारी एका मुलीचा फोटो, कपाटात कधीच न वापरलेल्या कपबश्या, आणि खिडकीपाशी दोन फिनिश खुर्च्या. प्लास्टिकमध्ये. प्लास्टिकवर विणलेला रुमाल!

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी म्हणालो, "नोरा, अहो, यांच्यावर बसत का नाही?"

"माझी लेक पर्थला असते, ऑस्ट्रेलियात," ती म्हणाली. "तिनंच तिथून मागवून पाठवल्या. एकीवर तू बसायचं, एकीवर मी बसेन, म्हणाली. मग त्यांचा देश बंद झाला. आता ती आल्याशिवाय मी कशी बसू?"

हे सगळं इंग्रजीत चाललं होतं, आईला शब्द कळत नव्हता. पण भिंतीवरचा मुलीचा फोटो आणि ते प्लास्टिक बघून तिला जे कळायचं ते कळलं. नोरानं चहाचा ट्रे आणला आणि आईला खुणेनं खुर्चीवर बसायला सांगितलं. आईनं दोन्ही हात जोडले. "नगं बाई. लेकीची जागा हाय." आणि सरळ गालिच्यावर मांडी घालून बसली. नोरा घाबरली. पाहुणी खाली! तिनं पुन्हा आग्रह केला, आईनं पुन्हा नकार दिला. शेवटी नोरानं गुडघ्यावर हात टेकले, "ओह जीझस" म्हणाली आणि आईशेजारी खाली बसली. मग मी उभा राहून काय करू? मीही बसलो. दोन रिकाम्या खुर्च्यांसमोर आम्ही तिघं जमिनीवर, मध्ये लोणी लावलेला सोडा ब्रेड (आपल्या जाड भाकरीला शोभेल असा तपकिरी पाव), आणि रंगानं डांबराला हरवणारा चहा. आई मराठीत बोलत होती, नोरा इंग्रजीत, आणि दोघी एकमेकींना "हो ना" अशा माना डोलावत होत्या. मी त्या खुर्च्यांचा फोटो काढला. मोठ्या मुश्किलीनं नोराला उठवलं.

परतीच्या वाटेवर आई एकदाच बोलली. "खरं काय ते सांग त्या बाईला. घासलेलं न्हाई दाखवायचं."

सोमवारी मी हेल्मींना सांगितलं, झिजलेली खुर्ची मिळाली नाही, मिळणारही नाही. माणसांनी खुर्च्या घेतल्या त्या स्वतःसाठी नाहीत. कोणी येईल, कुठे परत जाऊ, नवीन घर होईल, म्हणून ठेवल्यात. ते होईपर्यंत दुसरी खुर्ची कोणी घेणार नाही. बाई गप्प. या वेळी मी राउटरला हात लावला नाही.

"ती मुलगी कधी येणार?" शेवटी त्यांनी विचारलं.

"ऑस्ट्रेलिया उघडलं की."

"मग पाहणी पूर्ण झालेली नाही," हेल्मी म्हणाल्या. "गॉलवेच्या त्या दोन्ही खुर्च्यांवर माणूस बसेपर्यंत काम चालू ठेवा. तुमच्या साहेबांना मी कळवते."

अशी माझी नोकरी नोराच्या चांगल्या खोलीवर टांगली गेली. सप्टेंबरात आई कोल्हापूरला परतली. विमानतळावर ती रडली नाही, मीच रडलो. आणि नाताळच्या चार दिवस आधी नोराचा फोटो आला. एका खुर्चीत पाय वर घेऊन तिची लेक गाढ झोपलेली, खुर्चीच्या हातावर चहाचा हा एवढा गोल डाग. मी तो डाग मोठा करून करून पाहिला. इतका सुंदर डाग मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. नोरा शेजारी गालिच्यावर बसली होती, हसत. दुसरी खुर्ची अजून प्लास्टिकमध्ये होती.

खाली तिनं लिहिलं होतं, "मला आता खालीच बरं वाटतं. ही दुसरी तुझ्या आईची. तिला सांग, ती येईपर्यंत कोणाला बसू देणार नाही."

फोटो आधी आईला पाठवला. मग हेल्मींना कळवलं, पाहणी अजून चालू आहे.