अर्ध्याहून कमी चौकोन

बाळारामइतका सरळ माणूस मी भिवंडीत दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्या त्या सरळपणाचा मला आजही संताप येतो.

आम्ही दोघे एका खाजगी कचेरीत नकाशे काढायचो. १९९३ साली काम आलं: खाडीकाठचे कोल्हे नि बगळे कुठे राहतात, तिवरांच्या झाडीच्या एका तुकड्यातून दुसऱ्यात कसे जातात, ते दाखवायचं. विमानातून घेतलेल्या फोटोंवर चौकोन आखायचे. चौकोनात निम्म्याहून जास्त तिवरं असली तर तो हिरवा, नाहीतर कोरा. हिरव्यात भराव बंद, कोऱ्यात गोदामाला परवानगी, असं वरून ठरलं होतं.

बाळारामची आई, शेवंतामावशी, राहनाळ गावामागच्या खाडीच्या फाट्यात खेकडे धरून विकायची. नवरा गेल्यावर पोराला तिने त्यावरच शिकवलं. फाट्याच्या काठाने तिवरांची पट्टी होती, लांबलचक पण चिंचोळी. नकाशावरचा एकही चौकोन तिने निम्म्याहून जास्त भरेना.

"लाव हिरवी पेन्सिल," मी म्हटलं. "साहेब काय मोजत बसणार आहेत?"

"आईची जागा म्हणून लावू? खलील, उद्या हेच म्हणतील, ह्या खाडीवाल्यांना नोकऱ्या द्या आणि ते घरचंच बघतात."

असं बोलणारे आमच्याच कचेरीत होते, म्हणून मी हट्ट सोडला. पट्टीवरचे सगळे चौकोन कोरे राहिले. साहेबांनी नकाशाची तारीफ केली.

दीड-दोन वर्षांत डंपर आले. पट्टी गाडली गेली, फाट्याचं तोंड बुजलं. वरच्या अंगाला नकाशावर हिरवा असलेला मोठा तुकडा होता, पण भरतीचं पाणीच पोचेना, तेव्हा तोही वाळला. खेकडे संपले. मावशी भरावावरच्या गोदामात झाडू मारू लागली. माल उतरवणारी पोरं तिला "ए बुढिया" म्हणायची. ऐकून माझं डोकं फिरायचं.

एकदा तिला तो चौकोनांचा नियम समजावायला बाळाराम मला सोबत घेऊन गेला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाला, तू हिरवा रंग लावला असतास, तर कोनी पकडला असता तुला?"

"न्हाय."

"नोकरी गेली असती?"

"न्हाय, आई."

"मंग माज्या पोटावर पाय का दिलास?"