भित्र्या सामुरायाचा आवाज

“हा पोरगा घाबरलेला नाही, पिझ्झा ऑर्डर करतोय!” डेव्हनं हेडफोन काढून टेबलावर आपटला.

डेव्ह आमच्या स्टुडिओचा मालक. क्युपर्टिनोजवळच्या या छोट्या स्टुडिओत मी डबिंग डायरेक्टर आहे, म्हणजे परदेशी मालिकांतल्या पात्रांच्या तोंडी इंग्रजी बसवून घेते. या वेळी जपानी मालिका होती. नायक कॉलेजातला भित्रा विद्यार्थी. घराणं सामुरायांचं, खापरपणजोबांची तलवार अजून भिंतीवर, आणि हा कुणी ताटातलं पळवलं तरी उलट “सॉरी” म्हणणारा.

त्याचा आवाज होता सोहम. इथेच जन्मलेला, तिशीकडे झुकलेला, आईवडील नागपूरचे. इतकी वर्षं गर्दीतले आरडाओरडे डब केल्यावर त्याला हा पहिला मोठा रोल मिळाला होता, तोही माझ्या शब्दावर. आवाज खणखणीत. फक्त भीती त्याच्या गावी नव्हती.

“क्लायंटला आजच सीन हवाय. नाही जमलं तर दुसरा व्हॉइस,” डेव्हनं बजावलं.

सीन साधा होता. प्रोफेसर नायकाला वर्गासमोर उभं करतात आणि घराण्याचं नाव सांगायला लावतात. सोहमला हळू बोल म्हटलं, तर तो गुप्तहेर वाटायला लागला. आवाज कापव म्हटलं, तर थंडी वाजल्यासारखा बोलला. मी वैतागले. पोराच्या हातचा रोल जाणार, हे दिसत होतं.

आणि सुचलं. आपल्याकडे घरी पाहुणे आले की चहा होतो न होतो तोच वरच्या खोलीतून पोराला खाली बोलावतात. शाळेत डिबेट गाजवणारी पोरंही तेव्हा गोगलगाय होतात. मी माझ्या लेकीला कमी छळलेलं नाही.

माइकचं बटण दाबून मी मराठीत म्हटलं, “सोहम बाळा, इकडे ये. काका-काकू आलेत ना? तो श्लोक म्हणून दाखव बघू.”

काचेपलीकडे त्याचे खांदेच पडले. “काकू, प्लीज... नॉट दॅट,” आवाज उंदरासारखा.

“हाच आवाज! आता घराण्याचं नाव सांग!”

एका टेकमध्ये सीन ओके. डेव्हला मराठीचं अक्षर कळत नाही. “व्हॉट डिड यू से टू हिम?” त्यानं विचारलं.

“धमकी दिली,” मी म्हटलं.

संध्याकाळी क्लायंटचा निरोप आला: हाच आवाज ठेवा. मला इतका आनंद झाला की डेव्हलाही माझ्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी दिली. पुढे प्रत्येक भित्र्या सीनआधी मी श्लोक मागत गेले.

शेवटच्या भागात मात्र नायक गर्जना करतो. सोहमनं सकाळभर घसा ताणला, निघालं ते म्यांव. शेवटी तोच चाचरत म्हणाला, “काकू, डोंट माइंड, पण यू हॅव टू वेट आउटसाइड.”

डायरेक्टरला घाबरवता यायला हवं, तसं वेळेवर उठताही यायला हवं. मी डबा घेऊन पार्किंग लॉटमध्ये जाऊन बसले.

आमचा स्टुडिओ साउंडप्रूफ आहे, असं डेव्ह सगळ्यांना छातीठोकपणे सांगतो. मला गर्जना गाडीत ऐकू आली.