तालमीत कमावलेला श्वास

माझ्या थोरल्या भावाला दमा होता. त्याचा श्वास ओटीवरून थेट स्वयंपाकघरात ऐकू यायचा, आणि एका सकाळी तो ऐकू येईना, तेव्हाच आईला काय ते कळले. तिच्यापाशी मी एकटाच उरलो. असा मी कल्याणच्या तालमीत जायला लागल्यावर तिने काय आकांत मांडला, ते विचारू नका. तिचे म्हणणे एकच: देवाने माणसाला श्वास मोजून दिलेले असतात, धापा टाकून ते उधळायचे कशाला?

मला ते खोटे वाटेना, हीच तर पंचाईत. पहिल्याच दिवशी चार जोर मारले आणि जीव मेटाकुटीला आला. वस्ताद आम्हांला दुर्गाडी किल्ल्याच्या चढावर पळवायचे. खाली खाडीत मिठाची गलबते लागलेली, त्यांवरचे खलाशी आमची फजिती बघून हसायचे. पण दिवाळीपासून शिमग्यापर्यंत काय झाले कोण जाणे, तोच चढ मी गप्पा मारत चढू लागलो.

छाती वाढली असेल म्हणून दोऱ्याने मोजली. जवळपास होती तेवढीच. मग हा दम येतो कुठून? वस्तादांना विचारले तर म्हणाले, "अरे, दंड कमावतात तसा श्वासही कमावतात. आधी वरवरचा घ्यायचास, आता पोटापासून घेतोस. थोडक्या श्वासांत भागते." मी आणखीच गोंधळलो. म्हणजे मी श्वास उधळत होतो की वाचवत होतो?

चैत्रातल्या एका दुपारी ओटीवर झोपलो होतो. नाकाला गुदगुल्या झाल्या म्हणून डोळे उघडले, तर आई माझ्या नाकाशी कापूस धरून बसलेली. आमच्याकडे माणूस आहे की गेला, हे असेच बघतात. मी भयंकर चिडलो.

"अगं आई, धडधडीत जिवंत माणसाला कापूस लावतेस?"

"ऐकूच येत नाही रे तुझा श्वास," ती म्हणाली. "मला कसं कळायचं?"

वस्तादांचे बोलणे तिला सांगायला मी तोंड उघडले, पण मलाच जे धड उमगले नव्हते ते तिला काय डोंबल समजावणार? माझा राग कुठल्या कुठे गेला.

तालीम मी सोडली नाही. मात्र दुपारी आडवा झालो की मुद्दाम घशातून आवाज काढत श्वास घ्यायचो. घटकाभर ती शेजारी बसून ऐकायची, आणि मग उठून आपल्या कामाला लागायची.