विमलताईंची फेरतपासणी

विमलताई पहिल्या उत्तरावर कधीच विश्वास ठेवत नसत. मुलाखतीसाठी मी सारोळ्याहून भोरला गेले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "नाश्ता केलास?"

"हो," मी म्हणाले.

"काय खाल्लंस?"

"पोहे."

"लिंबू पिळलं व्हतं का?"

मी गडबडले. चष्म्यावरून क्षणभर माझ्याकडे पाहून त्या शेजारी बसलेल्या साहेबांकडे वळल्या. "काय खाल्लेलं न्हाई हिनं. पर लाजून खोटं बोलती, फसवाय न्हाई. घ्या हिला." मग त्यांनी खालून वडापाव मागवला आणि मी तो संपवेपर्यंत माझ्याकडे बघत बसल्या. भूक तरी खरी आहे का, हेही त्यांना पडताळून पाहायचं असावं.

आमची कंपनी म्हणजे बाजारपेठेतल्या एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मोठ्या कंपन्यांची कामं साहेब पुण्याहून आणत. लोक कुठला साबण वापरतात, चहा कुठल्या पुड्यातला घेतात, असले प्रश्न घेऊन आम्ही चार मुली भोर आणि वेल्ह्याच्या गावांतून हिंडायचो. डोंगरात रेंज नसते, म्हणून फॉर्म कागदी. ते खरे की घरबसल्या भरलेले, हे पाहणं विमलताईंचं काम. पन्नाशी उलटलेल्या, जाड भिंगांचा चष्मा, पाठीला सॅक. आपल्या जुन्या स्कूटीवरून त्या आमच्या मागोमाग त्याच घरी जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारत. कधी, कुठल्या घरी जातील, याचा पत्ता नसे. त्यामुळे आमच्या त्या दोन खोल्यांत कायम दबकी शांतता. डबा एकत्र खायचो. पण फॉर्मचा विषय निघाला की प्रत्येकीला वाटायचं, हिनं ताईंना सांगितलं तर?

गावांत तर आमच्याकडेच संशयानं बघत. "जमिनीचं हाय का?" हा पहिला प्रश्न. पानशेतकडे बंगलेवाल्यांचे एजंट इतके हिंडलेले की साबणाचं नाव काढलं तरी लोकांना त्यात सातबारा दिसे. वेल्ह्याजवळ एका आजोबांनी मला अर्धा तास उन्हात उभं केलं. "आदी सांग, अंगठा कुठं घेणार?" मी वैतागून परत आले, तर ताई खूश. म्हणाल्या, "जो दारातच अडवतो ना, त्याची उत्तरं खरी आसत्यात. लगीच चहा ठिवणाऱ्या घरात जपून. तिथं लोकं तुला बरं वाटावं म्हणून बोलत्यात."

त्या वर्षी एका नव्या धुण्याच्या पावडरीचं काम आलं. पांढऱ्या कोऱ्या पुड्या, वर नाव नाही, नुसता नंबर. त्या घरोघर वाटायच्या, बायकांनी पंधरा दिवस वापरायच्या आणि मग आम्ही जाऊन विचारायचं: फेस कसा, वास कसा, हातांना काही त्रास झाला का. पानशेतच्या पुढच्या एका वाडीतली चार घरं माझ्याकडे होती. पुड्या मी स्वतः वाटल्या. पंधरा दिवसांनी निघाले, तर वाडीकडची एसटी चुकली. दुसरी थेट संध्याकाळी. मी धरणाजवळच्या एका हॉटेलात बसले. बायका ओळखीच्या झाल्या होत्या, पावडरही चांगलीच असणार. चहा पीत मी चारही फॉर्म भरून टाकले. फेस भरपूर. वास आवडला. हातांना त्रास नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंनी ते फॉर्म दोनदा वाचले. "चौघींलाबी सगळंच आवडलं?"

"हो ताई."

"एकीनंबी कुरकूर केली न्हाई?"

"नाही."

त्यांनी फॉर्म सॅकमध्ये टाकले. "चल, बस मागं."

पाबे घाट चढताना मला तीनदा वाटलं, आता सांगून टाकावं. तिन्ही वेळा त्यांच्या पाठीवरच्या सॅककडे बघून धीर सुटला. कदाचित बायकाही 'चांगली आहे' म्हणतील आणि निभावेल, अशी एक हलकट आशाही होती.

वाडीत पहिलंच घर सुलाबाईंचं. मला बघून त्या हसल्या, आणि हात पदराखाली घेतले.

"पावडर कशी हाय, आक्का?" ताईंनी विचारलं.

"चांगली हाय की."

"हात दाखवा बगू."

"हातांला काय झालंय? काय न्हाई."

"मंग दाखवा की."

ताई दारातून हलल्या नाहीत. मग सुलाबाईंनी हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलवटली होती, तळव्यांवर भेगा, एकीतून रक्त येत होतं. "भाकरी थापता यीना," त्या हळूच म्हणाल्या. "पर तुमी दिलेली वस्तू, नावं कशी ठिवायची? पंधरा दिस वापरा म्हणाली ही. वाटलं, ही आली की इचारू, बंद करू का. काल दिवसभर वाट बघितली. आलीच न्हाई."

ताईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला रडू फुटलं. सुलाबाईंच्या पाया पडायला वाकले, तर त्याच म्हणाल्या, "आगं, तुला गं काय म्हाईत?" ते फारच लागलं. मला माहीत नव्हतं, कारण मी आलेच नव्हते.

"रडाय नंतर बस," ताई म्हणाल्या. "घरोघर जा, पुड्या गोळा कर. धुणं चालू आसंल तर थांबव." आणि सुलाबाईंना स्कूटीवर घेऊन त्या सरकारी दवाखान्यात गेल्या. त्या दिवशी वाडीत मला आणखी दोघींचे तसेच हात दिसले.

ऑफिसात साहेबांचा चेहरा उतरला. अहवाल दोन दिवसांत द्यायचा होता. "चारच फॉर्म आहेत, वगळू या," ते म्हणाले.

"वगळा. मी सही करत न्हाई," ताई म्हणाल्या. "माज्या सहीबिगर पाठवा, आन् त्या बायांचे हात तुमी जाऊन बगा."

साहेब तासभर येरझाऱ्या घालत राहिले, मग त्यांनी पुण्याला फोन लावला. उरलेल्या सगळ्या पुड्या परत मागवल्या गेल्या. मलमानं सुलाबाईंचे हात बरे व्हायला महिना लागला. दर आठवड्याला मी बघून येत होते.

मला काढणार, हे मी धरूनच चालले होते. पुण्याला फोन झाला, त्याच संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. "फार मोठी चूक केलीस. पण ताई म्हणाल्या, तू स्वतःहून कबूल केलंस, तूच त्यांना वाडीत घेऊन गेलीस. म्हणून ठेवतोय."

मी दारातून बाहेर पाहिलं. ताई मान खाली घालून फॉर्मवर खुणा करत होत्या. सगळ्यांचं खोटं पकडणाऱ्या बाईनं माझ्यासाठी सरळ खोटं सांगितलं होतं आणि ते खोडून काढायची हिंमत मला झाली नाही.

याचा अर्थ त्या विरघळल्या असा नाही. पुढची दोन वर्षं माझा एकही फॉर्म त्यांनी पडताळल्याशिवाय सोडला नाही. बाकीच्यांच्या दहांतला एक बघत, माझे दहाच्या दहा. मुली म्हणत, "ताईंनी तुझ्यावर डूख धरलाय." मी पुढचे फॉर्म त्यांच्या टेबलावर ठेवून येई.

गुडघेदुखीमुळे स्कूटी चालवणं अवघड झालं, तेव्हा त्यांनी काम सोडलं. शेवटच्या दिवशी जिन्यातून उतरताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. मी विचारलं, "ताई, तेव्हा साहेबांना तसं का सांगितलंत?"

"तुला काढून नवी पोरगी आणली आसती. तिला लाज हाय का न्हाई, कुणाला ठावं? तुजी म्या डोळ्यांनी बघितली."

"मग आता तरी विश्वास बसला का माझ्यावर?"

त्या पायरीवर थांबल्या. प्रश्न नीट तपासून घेतल्यासारखा विचार केला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "पर दुसऱ्या कुणी तुज्यावर शंका घितली, तर मला फोन कर. मी भांडाय येते."