आईचा मलिदा आणि पुस्तकवाला रब्बी

सकाळी रेडिओवर त्या रब्बीचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूचा, मऊ आवाज लागला की लोकांना म्हणे शांत वाटतं. मी रेडिओ बंद करते. देव, दुःख, म्हातारपण, क्षमा अशा सगळ्या विषयांवर त्याची पुस्तकं आहेत, तीही विमानात वाचून संपतील इतकी सोपी. एके काळी मीसुद्धा ती आवडीनं वाचायचे. देवाच्या घराला कडी नसते, असं काहीसं त्यातल्या एकात होतं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. मी पाचवीत असताना आम्ही पनवेलहून लंडनमधल्या ईलिंगला आलो. पुढे वडील गेले आणि घरात आई आणि मी, दोघीच उरलो. माझं लग्न ठरलं ते लंडनच्याच एका ज्यू मुलाशी, आणि हा रब्बी त्यांच्या सिनेगॉगचा, म्हणजे प्रार्थनाघराचा. त्याला भेटायला आई ठेवणीतली साडी नेसली, डबाभर नारळाच्या वड्या घेतल्या.

त्यानं चहा दिला. मग आम्ही ज्यू असल्याचा पुरावा म्हणून माझ्या आजीच्या लग्नाचा करार मागितला.

"खेड्यात कोण कागद जपून ठेवतंय?" आई आपल्या इंग्रजीत म्हणाली. "पण आम्ही शनिवारी तेलाचा घाणा कधी चालवला नाही. गावात आम्हाला शनवार तेलीच म्हणायचे."

"तसं सगळेच म्हणतात," तो हसून म्हणाला. मग त्यानं गोड शब्दांत उपाय सांगितला. काही महिने शिकवणी घ्यायची, विधीच्या पाण्यात बुडी मारायची आणि रीतसर ज्यू व्हायचं. मग कुणाला शंका नको.

आई उठली. "मी साठ वर्षं कोण होते मग?" हे तिनं मराठीत विचारलं, मला.

लग्न कौन्सिलच्या नोंदणी ऑफिसात झालं. फोटोत आई हसते आहे. पण त्यानंतर ती कुठल्याच सिनेगॉगमध्ये गेली नाही. प्रायश्चित्ताचा मोठा उपास घरीच करायची आणि कुणी विचारलं की गुडघे दुखतात म्हणायची. तिचे गुडघे ठणठणीत होते.

बऱ्याच वर्षांनी मामेभावाचा फोन आला. रब्बी विस्मरणात गेलेल्या ज्यू समाजांवर पुस्तक लिहीत होता. त्याला आमचा मलिदा, म्हणजे एलियाहू नबीच्या नावानं गोड पोह्यांचं ताट मांडून करायचा विधी, बघायचा होता आणि कुणा वयस्कर बाईच्या तोंडून आठवणी ऐकायच्या होत्या. आम्ही कोण, हे त्याच्या लक्षातही नव्हतं. मी लगेच हो म्हटलं. आई रागावेल असं वाटलं होतं, पण ती म्हणाली, "येऊ दे की. पोहे मी भिजवते."

तो आला तेव्हा नातेवाईकांनी घर भरलं होतं. गोड पोहे, खोबरं, वेलची, वर केळी आणि खजूर. आईनं एलियाहू नबीचं गाणं म्हटलं, आशीर्वाद झाले. त्याचे डोळे पाणावले होते. आईनं त्याच्यासाठी ताट वाढलं.

"एक मिनिट," मी म्हटलं. "तुम्ही ज्यू आहात याला पुरावा काय?"

तो हसला. "माझे आजोबा रब्बी होते."

"तसं सगळेच म्हणतात. आजीच्या लग्नाचा करार आणलाय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. त्याला आठवलं. तो क्षण मला अजून हवा तेव्हा डोळ्यांसमोर आणता येतो आणि मी तो आणते. आई मला गप्प करेल या भीतीनं मी तिच्याकडे पाहिलं. त्याच्यासाठी वाढलेल्या ताटातलं खोबरं तिनं उचललं आणि सावकाश स्वतःच्या तोंडात टाकलं.

तो माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आला. "माझं चुकलं," म्हणाला. मनापासून म्हणाला, तेवढं मला कळलं. मग म्हणाला, "हे मला लिहू द्या. आजचं सगळं, माझ्या चुकीसकट. लोकांना यातून खूप मिळेल."

तेव्हा मला नेमकं समजलं की त्याला कुठे मारायचं. तो ते सुंदर लिहिणार होता. वाचणारे रडले असते आणि आईला न विचारता त्याला माफ करून मोकळे झाले असते.

"नाही," मी म्हटलं. "आमच्याबद्दल एक ओळसुद्धा नाही. आईच्या गाण्याबद्दल नाही, मलिद्याबद्दल नाही, तुमच्या पश्चात्तापाबद्दल तर नाहीच."

"आणि माफी?"

"ती आईकडे मागा."

त्यानं मागितली, सगळ्यांसमोर, वाकून. आईनं ऐकून घेतलं. "बरं," एवढंच म्हणाली आणि त्याचा कोट आणून दिला.

पुस्तक आलं तेव्हा मी ते लायब्ररीत बसून पानन्‌पान चाळलं. इतर सगळे समाज होते, आम्ही नव्हतो. त्यानं शब्द पाळला होता, याचाही मला थोडा रागच आला. पुस्तक चांगलं होतं, त्याचाही.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"काहीच नाही लिहिलं?"

"काहीच नाही."

"छान," ती म्हणाली आणि मेथीची दुसरी जुडी सोडली.